रँगल बेटावरचे सस्तन प्राणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्रुवीय प्रदेशाचा विषय निघाला की मी फिरून फिरून रशियाच्या रँगल बेटावर येतो, आणि मग ठरलेले प्रश्न येतात. काही शाळकरी मुलांचे, काही निवृत्त काकांचे. दोघांचेही प्रश्न साधारण सारखेच असतात, फक्त मुलं ते न लाजता विचारतात. ते सगळे इथे एकत्र केलेत.

आधी एक सांगून ठेवतो. मराठीत आपण आकाशातून पडणारं भुसभुशीत हिम, समुद्रावर गोठलेला थर आणि फ्रिजमधला खडा, या तिघांनाही ‘बर्फ’ म्हणतो. आपलं त्यावाचून काही अडत नाही. या बेटावर मात्र कोण जगणार आणि कोण मरणार हे त्यातला कोणता बर्फ कधी मिळाला यावर ठरतं. म्हणून खाली मी समुद्रावरच्या थराला ‘समुद्रबर्फ’ आणि जमिनीवर पडणाऱ्याला ‘हिम’ म्हणेन. थोडं पुस्तकी वाटेल, पण इलाज नाही.

हे बेट नक्की आहे कुठे?

रशियाच्या नकाशावर अगदी ईशान्य टोकाला चुकोतका नावाचा प्रदेश आहे. त्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटर उत्तरेला, ७१ अक्षांशावर हे बेट. क्षेत्रफळ साधारण ७,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे दोन गोवे बसतील एवढं. पश्चिमेला पूर्व सायबेरियन समुद्र, पूर्वेला चुकची समुद्र. शेजारी हेराल्ड नावाचं छोटं, कड्याकपारीचं बेट आहे, तेही याच राखीव क्षेत्रात येतं. १८० अंशाचं रेखावृत्त रँगलवरून जातं. खरं तर बेटाच्या एका टोकाला सोमवार आणि दुसऱ्या टोकाला रविवार व्हायला हवा होता, पण वाररेषा तिथे पूर्वेकडे वळवून घेतली आहे.

ज्या फर्डिनांड फॉन रँगलचं नाव बेटाला आहे, त्याने ते कधी पाहिलंच नाही. चुकची लोकांनी त्याला उत्तरेला जमीन असल्याचं सांगितलं होतं. १८२०च्या दशकात त्याने शोध घेतला, पण समुद्रबर्फाने वाट दिली नाही. पुढे १८६७ मध्ये टॉमस लाँग या अमेरिकी व्हेलशिकाऱ्याने बेट पाहिलं आणि त्याचं नाव दिलं.

हे आपल्याकडच्या अभयारण्यासारखंच आहे का?

त्याहून कडक. रशियात ‘झापोवेदनिक’ नावाचा प्रकार असतो. तिथे निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, फक्त बघायचं आणि नोंदवायचं, असा मूळ विचार. रँगल १९७६ मध्ये झापोवेदनिक झालं. १९९७ मध्ये भोवतालचा १२ सागरी मैलांचा समुद्रही त्यात घेतला, आणि माझ्या मते हा सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण इथल्या निम्म्या प्राण्यांचं जेवण समुद्रातून येतं. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं.

तिथे सस्तन प्राणी कोणकोणते?

जमिनीवर दोन जातींचे लेमिंग (उंदरासारखे छोटे प्राणी), ध्रुवीय खोकड, कस्तुरी बैल, रेनडिअर, लांडगे आणि वूल्व्हरिन (छोट्या अस्वलासारखा दिसणारा शिकारी). समुद्रात वालरस, दोन मुख्य जातींचे सील (रिंग्ड आणि दाढीवाला), ग्रे व्हेल, बोहेड व्हेल, पांढरा बेलुगा व्हेल, कधीमधी ओर्का (किलर व्हेल).

ध्रुवीय अस्वल मी मुद्दाम कुठल्याच यादीत टाकलं नाही. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘समुद्री अस्वल’ आहे. आयुष्याचा मोठा भाग ते समुद्रबर्फावर घालवतं, शिकार समुद्रातली करतं आणि अमेरिकी कायद्यात तर त्याची गणना व्हेल-सीलच्या बरोबरीने होते. पण बाळंतपणाला मात्र जमिनीवर येतं. माहेरी यावं तसं.

‘अस्वलांचं बाळंतगृह’ म्हणतात ते खरं की जाहिरात?

खरं आहे. रँगल आणि हेराल्डवर वर्षाला काहीशे माद्या बिळं करतात. चांगल्या वर्षी पाचशेपर्यंत बिळं असल्याचे अंदाज आहेत. एवढ्याशा जागेत इतकी बिळं दुसरीकडे क्वचितच.

कारण बेटाच्या ठेवणीत आहे. मधोमध हजार मीटरच्या आसपास उंचीचे डोंगर. हिवाळ्यातला वारा हिम उडवून नेतो आणि उताराच्या आडोशाच्या बाजूला त्याचे जाड थर लावतो. मादीला हवा असतो तो हाच थर, खणता येईल इतका मऊ आणि कोसळणार नाही इतका दाबलेला. ती आत शिरायचा बोगदा खणते आणि त्याच्या टोकाला थोडी वरच्या अंगाला खोली करते. गरम हवा वर चढते आणि खोलीतच अडकते, बोगद्यातून निसटत नाही. बाहेर उणे तीस असताना आत कितीतरी उबदार असतं. कोकणातल्या जुन्या घरात चुलीच्या वर पोटमाळा का असायचा, तसंच गणित.

पिल्लं डिसेंबर-जानेवारीत होतात, बहुतेक वेळा दोन. जन्मतः वजन जेमतेम सहाशे ग्रॅम, डोळे मिटलेले. आईचं वजन त्याच्या कैक शेकडो पट. आई या सगळ्या काळात काही खात नाही. शरीरातल्या चरबीवर स्वतः जगते आणि तीच चरबी दुधातून पिल्लांना देते. ते दूध जवळजवळ तीस टक्के स्निग्ध असतं. म्हशीचं सात-आठ टक्के असतं म्हणजे बघा. मार्च-एप्रिलमध्ये आई बिळाच्या छताला भगदाड पाडून बाहेर येते. काही दिवस तिथेच उतारावर बसते, पिल्लं घसरगुंडी खेळतात, मग सगळे समुद्रबर्फाकडे निघतात. तोपर्यंत आई चार-पाच महिन्यांची उपाशी असते, कधी त्याहून जास्त.

२०१७ चा तो शेकडो अस्वलांचा फोटो खरा होता का?

होता. सप्टेंबर २०१७ मध्ये एक मेलेला बोहेड व्हेल किनाऱ्याला लागला होता. पर्यटकांचं जहाज जवळ गेलं तेव्हा उतारावर पांढरे ठिपके दिसले. आधी लोकांना मेंढ्यांचा कळप वाटला म्हणे. ती दोनशेहून जास्त अस्वलं होती. नर, पिल्लांसह माद्या, तरुण, सगळी एकाच पंगतीला. त्या शरद ऋतूत संशोधकांनी बेटावर ५८९ अस्वलं मोजली, नेहमीच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त.

हे वाचून लोक दोन टोकाचे निष्कर्ष काढतात. एक म्हणजे अस्वलं मजेत आहेत, दुसरा म्हणजे अस्वलं उपाशी मरतायत. दोन्ही घाई आहे. अलास्का आणि चुकोतका यांच्यामधल्या अस्वलांची संख्या सुमारे तीन हजार असल्याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ती अंगाने धडधाकट असल्याचं दिसलं. चुकची समुद्र उथळ आणि सुपीक आहे, सील भरपूर आहेत, त्यामुळे ही मंडळी अजून तग धरून आहेत. पण समुद्रबर्फ लवकर सरकतो आणि उशिरा परततो, म्हणून जास्त अस्वलं जास्त दिवस बेटावर अडकतात. तो फोटो या अडकण्याचा आहे. व्हेल लागला नसता तर ती विखुरलेली राहिली असती आणि कुणाला दिसलीही नसती.

समुद्रबर्फ नसेल तर अस्वलाचं नेमकं काय अडतं?

सील पकडता येत नाही. रिंग्ड सील समुद्रबर्फाखाली राहतो आणि श्वासासाठी नखांनी खरवडून भोकं उघडी ठेवतो. एखाद्या भोकावर हिम साचलेलं असलं तर त्या हिमात आतून खोली कोरतो आणि पिल्लू तिथे ठेवतो. अस्वल वासाने ती जागा हुडकतं आणि पुढच्या दोन पायांवर सगळं वजन टाकून छत फोडतं. उघड्या पाण्यात सील अस्वलाला सहज चकवतो. अस्वल कितीही चांगलं पोहत असलं तरी सीलपुढे ते म्हणजे विहिरीत उतरलेला पैलवान.

बेटावर अडकलेली अस्वलं मेलेले व्हेल, वालरसची मढी, लेमिंग, अंडी, गवत, जे मिळेल ते चघळतात. यातलं पोट भरणारं काय, तर पहिली दोन.

अस्वल माणसावर हल्ला करत नाही का?

करू शकतं, आणि त्याला गृहीत धरणं मूर्खपणाच आहे. तरी इथला एक वेगळा इतिहास सांगायला हवा. निकिता ओव्ह्स्यानिकोव्ह हे रशियन जीवशास्त्रज्ञ अनेक वर्षं या बेटावर अस्वलांत बंदूक न घेता वावरले, हातात एक काठी आणि गरज पडली तर मिरीचा फवारा. त्यांचं म्हणणं असं की अस्वल आधी अंदाज घेतं. पळालात तर शिकार ठरता, ठाम उभे राहिलात तर ते विचार करतं. ही त्यांची तीसेक वर्षांची तालीम आहे, आपण करून बघायची गोष्ट नाही. आपल्याकडे गुराखी बिबट्याबद्दल जवळजवळ हेच सांगतात. मला ते साम्य फार आवडतं.

सोव्हिएत संघाने १९५०च्या दशकाच्या मध्यावरच या अस्वलांच्या शिकारीवर बंदी घातली होती. पाच ध्रुवीय देशांचा करार पुढे १९७३ मध्ये झाला.

वालरस इतके एकावर एक का पडलेले असतात?

त्यांना तसंच आवडतं. पण हल्लीच्या गर्दीला वेगळं कारण आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

वालरस समुद्राच्या तळाशी चरतो. डोके खाली, पाय वर, चिखलाला तोंड लावून. मिशांचे चारशे ते सातशे राठ केस असतात, त्यांनी तो अंधारात शिंपले चाचपतो. तोंडाने पाण्याची पिचकारी मारून चिखल उडवतो आणि शिंपला ओठांत धरून आतलं मांस एका झटक्यात ओढून घेतो. शिंपला तिथेच टाकतो. आपल्याकडे तिसऱ्या खाताना आवाज करून ओढतात ना, तेच, फक्त दिवसाला हजारोंच्या हिशेबात. सुळ्यांनी तो तळ खणतो असं जुन्या पुस्तकांत असायचं, ते चूक आहे. सुळे बर्फाच्या कडेला रोवून अंग वर ओढायला आणि आपसांत दरारा दाखवायला.

आता यात समुद्रबर्फ कुठे आला? चुकची समुद्रात उन्हाळ्याला मुख्यतः माद्या आणि पिल्लं येतात. बरेच नर दक्षिणेला बेरिंग समुद्रातच थांबतात. मादी पिल्लाला बर्फाच्या लादीवर ठेवते, बुडी मारून खाऊन येते, पिल्लाला दूध पाजते, पुन्हा बुडी. लादी वाहत असते, त्यामुळे रोज खाली नवं कुरण. चालता पाळणा आणि खाली भरलेलं ताट. पण लादी उथळ पाण्यावर असेल तरच हे जमतं. वालरस साधारण शंभर मीटरच्या आत चरतो. उन्हाळ्याच्या शेवटी समुद्रबर्फ आता उत्तरेला, खोल पाण्यावर सरकतो. तिथे बुडी मारून तळ गाठता येत नाही.

मग हजारो माद्या पिल्लांना घेऊन किनाऱ्यावर येतात. रँगलवर ब्लॉसम भूशिराची वाळूची पट्टी हा त्यांचा जुना अड्डा. बर्फ नसलेल्या वर्षी तिथे हजारोंनी वालरस जमतात. जवळचं सगळं खाऊन संपतं, रोज लांब पोहून जावं लागतं. आणि एखादं अस्वल दिसलं, विमानाचा आवाज आला, की सगळा कळप पाण्याकडे धावतो. टनभराचे जीव. खाली सापडलेली पिल्लं चिरडून मरतात. अस्वल लांब बसून वाट बघतं. त्याला स्वतः मारायची गरजही पडत नाही. मोठ्या वालरसशी समोरासमोर भिडणं अस्वलाला परवडत नाहीच.

देवमासे बेटाजवळ येतात का? आणि देवमासा मासा की सस्तन?

सस्तन. नाव ठेवणाऱ्याने चूक केली, आता ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

ग्रे व्हेल हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या खाड्यांत पिल्लं देतात आणि उन्हाळ्यात इथवर येतात. एका बाजूचा प्रवास आठेक हजार किलोमीटरचा. तो तळाशी जाऊन कुशीवर वळतो, चिखलाचा मोठा घास घेतो आणि दातांऐवजी तोंडात झालरीसारख्या ज्या पट्ट्या असतात त्यांतून पाणी-गाळ बाहेर सोडून बारीक किडे ठेवून घेतो. वर आला की पाण्यात तपकिरी ढग उठतो. जहाजावरून आधी तो ढग दिसतो, मग पाठ. या व्हेलना अलीकडे मोठा फटका बसला. २०१६ मध्ये सुमारे २७,००० होते, २०२३ पर्यंत ते साडेचौदा हजारांवर आले. उत्तरेकडच्या या कुरणांत अन्न बदललं-घटलं हे मुख्य कारण धरलं जातं.

बोहेडची गोष्ट उलटी. तो उबदार पाण्याकडे जात नाही, आयुष्यभर थंड पाण्यातच. डोकं एवढं भक्कम की बर्फाचा थर खालून फोडून श्वास घेतो. २००७ मध्ये अलास्कात मारलेल्या एका बोहेडच्या अंगात १८९०च्या सुमाराच्या भाल्याचा तुकडा निघाला. दोनशेहून जास्त वर्षं जगतो असं डोळ्यांच्या भिंगांच्या तपासणीतून दिसलंय. म्हणजे पेशवाईच्या अखेरीस जन्मलेला एखादा आज तिथे पोहत असू शकतो.

कस्तुरी बैलाला कस्तुरी असते?

नाही. कस्तुरी हिमालयातल्या कस्तुरीमृगाची. या प्राण्याच्या नराला माजाच्या काळात उग्र वास येतो, त्यावरून कुणीतरी नाव दिलं. आणि बैलही नव्हे, हा शेळ्यामेंढ्यांच्या घरातला. अंगावरचे केस घोट्यापर्यंत लोंबतात, आत अतिशय मऊ लोकर. लांडगे आले की कळप पळत नाही. मोठे बाहेर तोंड करून कडं करतात, वासरं मध्ये. लांडग्यांपुढे ही युक्ती हजारो वर्षं चालली. बंदुकीपुढे ती आत्महत्या ठरली, कारण शिकाऱ्याला उभं लक्ष्य मिळालं.

ते मूळचे तिथलेच का?

आत्ताचे नव्हेत. १९३० मध्ये पूर्व ग्रीनलँडमध्ये ३४ जनावरं पकडली, ती बोटीने नॉर्वेमार्गे न्यूयॉर्कला, आगगाडीने अमेरिका ओलांडून सिएटलला आणि पुन्हा बोटीने अलास्काला नेली. १९३५-३६ मध्ये त्यांतली आणि त्यांची मिळून ३१ नुनिवाक बेटावर सोडली. तिथे कळप वाढला. १९७५ मध्ये नुनिवाकवरून २० रँगलला आणली. सुरुवातीला बरीच मेली, मग बस्तान बसलं, आणि आज त्यांचे वंशज शेकड्यांनी आहेत. थोडक्यात, रँगलवरच्या प्रत्येक कस्तुरी बैलाचे पूर्वज न्यूयॉर्क बघून आलेले आहेत. रेनडिअर सोडले तर इतर प्राणी समुद्रबर्फावरून चालत आले, किंवा बेट मुख्य भूमीला जोडलेलं असतानाच तिथे होते. हे मात्र तिकीट काढून आले.

आणि रेनडिअर?

तेही आणलेले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस पाळीव रेनडिअर बेटावर उतरवले, मांसासाठी. पुढे ते रानटी झाले. बेटावरची चराई पुरेना आणि हिमहंसांच्या घरट्यांना त्रास होऊ लागला म्हणून १९८०च्या दशकात त्यांची संख्या मुद्दाम कमी केली.

बेटावर रेनडिअर सोडण्याचा धडा खरं तर बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटाने दिलाय. १९४४ मध्ये तिथे २९ सोडले. १९६३ ला सहा हजार झाले. दगडफुलासारखी जी वनस्पती ते हिवाळ्यात खातात ती संपली, एक भयंकर हिवाळा आला, आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते. तिथे लांडगा नव्हता, माणूस नव्हता आणि निघून जायला वाटही नव्हती.

लेमिंग कड्यावरून उड्या मारून जीव देतात ना?

नाही हो. हा प्रश्न दर वेळी येतो. संख्या फार वाढली की ते नव्या जागेच्या शोधात निघतात, काही बुडतात. सामूहिक आत्महत्या वगैरे काही नाही.

हा आहे तळहातावर मावेल एवढा, उंदरासारखा, आखूड शेपटीचा गोळा. एक जात हिवाळ्यात पांढरी होते आणि तिच्या पुढच्या पायांची दोन नखं जाड फावड्यासारखी वाढतात, हिम उकरायला. ही जात रँगलखेरीज कुठेही नाही. हिवाळाभर लेमिंग झोपत नाहीत. हिमाच्या खाली, जमिनीलगत, बोगद्यांचं जाळं असतं. तिथे ते गवताची मुळं खातात, गवताचं गोल घरटं विणतात आणि पिल्लंसुद्धा देतात. वरचं हिम म्हणजे गोधडी. उन्हाळ्यात हिम वितळलं की ती घरटी जमिनीवर सुगरणीच्या खोप्यासारखी उघडी पडतात.

आता हिवाळ्यात मध्येच पाऊस पडला तर? पाणी हिमात झिरपून जमिनीलगत गोठतं. मुळांवर काच बसवल्यासारखा कठीण थर. मुळं दिसतात, पण खाता येत नाहीत. रेनडिअर आणि कस्तुरी बैलांचंही हेच होतं. बेटावर दीर्घकाळ नोंदी ठेवणाऱ्यांना दिसलं की लेमिंगची संख्या पूर्वी सुमारे पाच वर्षांनी शिखर गाठायची, ती आता जवळपास आठ वर्षांनी गाठू लागली आहे.

त्याने इतरांना काय फरक पडतो?

सगळ्यांना पडतो. लेमिंग म्हणजे इथली ज्वारी-बाजरी. ते भरपूर असले की हिमघुबडं घरटी करतात, खोकडांना भरगच्च वीण होते. नसले की घुबडं अंडीच घालत नाहीत आणि खोकडं हिमहंसांच्या वसाहतीकडे वळतात.

रँगलवर हिमहंसांची मोठी वसाहत आहे, आशियातली एकमेव मोठी. काही हंस मुद्दाम घुबडाच्या घरट्याभोवती घरटी करतात. घुबड आपल्या अंड्यांसाठी खोकडाला हुसकावतं आणि हंसांचं आपसूक भागतं. दादाच्या घराजवळ खोली घेण्यासारखं. खोकड एकेक अंडं तोंडात धरून नेतं, शेवाळात पुरतं, वर नाकाने माती सारखी करतं आणि पुढच्यासाठी परत येतं. खाली जमीन कायमची गोठलेली, त्यामुळे अंडी महिनोन्‌महिने टिकतात. हिवाळ्यात तीच उकरून खायची, किंवा समुद्रबर्फावर अस्वलाच्या मागे मागे जाऊन त्याचं उष्टं खायचं.

‘खोकड’ का म्हणता? सगळे ‘ध्रुवीय कोल्हा’ लिहितात.

कारण आपल्या भाषेत दोघांना दोन वेगळी नावं आहेत. कोल्हा हा कुत्र्या-लांडग्यांच्या जवळचा, रात्री कोल्हेकुई करणारा. खोकड लहान, झुपकेदार शेपटीचा, माळरानावरचा. ध्रुवीय प्रदेशातला प्राणी खोकडाच्या जवळचा आहे. धनगरांना हा फरक पक्का माहीत असतो, वर्तमानपत्रांना नसतो.

लांडगे कधीपासून?

येऊन-जाऊन. समुद्रबर्फावरून मुख्य भूमीवरून येतात. १९८०च्या सुमारास रेनडिअर वाचवायला मारून संपवले होते, या शतकात पुन्हा आले आणि राहिले. झापोवेदनिकच्या नियमाप्रमाणे आता त्यांना कुणी हात लावत नाही. कस्तुरी बैलांच्या कड्याला अखेर काम मिळालं.

शेवटचे मॅमथ खरंच इथे होते?

हो. मुख्य भूमीवरचे मॅमथ सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपले. समुद्राची पातळी वाढून रँगल तुटलं आणि थोडे मॅमथ बेटावर अडकले. १९९३ मध्ये रशियन संशोधकांनी दातांचं वय काढून दाखवलं तेव्हा जगाला धक्का बसला. ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते. तेव्हा गिझाचा पिरॅमिड बांधून कित्येक शतकं लोटली होती, आणि आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबादला वस्ती होती. त्या दायमाबादला सापडलेला काशाचा हत्ती प्रसिद्ध आहे. तो नेमका कोणत्या काळातला यावर वाद आहेत, पण मॅमथचं रक्ताचं नातं आफ्रिकी हत्तीपेक्षा आपल्या हत्तीशी जवळचं, यावर वाद नाही.

२०२४ मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुरुवात फार तर आठ जनावरांपासून झाली. वीस पिढ्यांत ती दोनशे-तीनशे झाली आणि पुढे सहा हजार वर्षं तेवढीच राहिली. जवळच्या नात्यातल्या संकरामुळे दोष साचले होते, तरी हळूहळू खंगून संपली असं दिसत नाही. शेवट अचानक झाला. कशाने, ते गूढ आहे. माणसाने मारलं म्हणावं तर बेटावरची सर्वांत जुनी ज्ञात वस्ती, चेर्तोव्ह ओव्राग इथली, त्यानंतरची आहे आणि ती माणसं समुद्रातले प्राणी मारत होती. ‘बुटके मॅमथ’ हे नावही आधी रूढ झालं आणि मग मागे पडलं. ते काही फार बुटके नव्हते. आजही नद्यांच्या काठी सुळे उघडे पडतात, कधी गोट्यांत, कधी पाण्यात अर्धे रुतलेले.

तिथे पेंग्विन आहेत का?

नाहीत. पेंग्विन दक्षिणेला.

आपल्याला जाता येईल?

अवघड, महाग आणि रशियातल्या परिस्थितीवर अवलंबून. प्रवासी विमान नाही, हॉटेल नाही, रस्ता नाही. उन्हाळ्याच्या दीड-दोन महिन्यांत चुकोतकाहून जहाजं जातात, क्वचित हेलिकॉप्टर. रशियाचा व्हिसा, सीमाभागाचा परवाना आणि राखीव क्षेत्राची परवानगी हे तिन्ही वेगवेगळं लागतं. बेटावर वनरक्षक सोबत असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. समुद्रबर्फ आडवा आला तर पैसे भरूनही लांबूनच दर्शन.

बेटावर कधी मांजर होती का?

हा प्रश्न एका चौथीतल्या मुलीने विचारला आणि मी हसलो. मग आठवलं की उत्तर ‘हो, दोन’ असं आहे.

पहिली ‘कार्लुक’ या जहाजावरची. जानेवारी १९१४ मध्ये ते जहाज बर्फात चिरडून बुडालं. वाचलेले लोक बर्फावरून चालत रँगलला पोहोचले आणि सप्टेंबरपर्यंत तिथे अडकले. त्यातले काही मेले. मांजर वाचली.

दुसरी व्हिक. १९२१ मध्ये चार तरुण आणि त्यांच्यासाठी शिवणकाम करायला घेतलेली अलास्कातल्या मूळच्या इन्युपियाक लोकांमधली बाई, एडा ब्लॅकजॅक, बेटावर उतरली. १९२३ च्या जानेवारीत तिघं मदत आणायला समुद्रबर्फावरून निघाले आणि पुन्हा कधी दिसले नाहीत. चौथा स्कर्व्हीने (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने) आजारी होता, तो जूनमध्ये गेला. एडाला आधी शिकार येत नव्हती आणि अस्वलांची तर तिला विलक्षण भीती. ती खोकडांसाठी सापळे लावायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, सील मारायला शिकली. अस्वल लांबून दिसावं म्हणून तिने तंबूवर उंच मचाण बांधलं. ऑगस्टमध्ये जहाज आलं तेव्हा किनाऱ्यावर दोघीच होत्या, एडा आणि व्हिक.